इजा एकाची, जबाबदारी कोणाची?

हैदराबाद शहरातील नामपल्ली स्टेशनात आलेली आगगाडी पुढे कोठेही जात नाही. रूळ तेथेच संपतात. १९०७ साली उभारलेल्या ह्या स्टेशनाची रचनाच अशी आहे की, गाडीने फलाटाला लागून संथपणे यावे आणि शेवटच्या भिंतीच्या अलीकडे थांबावे. दि. १० जानेवारी २०२४ रोजी सकाळी चेन्नईहून आलेली चारमिनार एक्सप्रेस मात्र वेळीच थांबली नाही. ती त्या भिंतीवर जाऊन आदळली, तीन डबे रुळांवरून घसरले आणि उतरण्यासाठी दाराशी उभे असलेले काही प्रवासी जखमी झाले. सुदैवाने कोणाचा प्राण गेला नाही. गाडी जवळजवळ उभीच राहत होती, म्हणून थोडक्यात निभावले.

अशा प्रसंगी लोक दोन उद्गार काढतात. कोणी म्हणतो, 'नशिबात होते ते झाले.' दुसरा म्हणतो, 'कोणाची तरी हयगय झाली असली पाहिजे.' पहिल्या उद्गारापाशी विचार संपतो. दुसऱ्यापाशी कायदा सुरू होतो. एकाला इजा झाली तर तिची भरपाई दुसऱ्याने का करावी, केव्हा करावी आणि किती करावी, हा प्रश्न माणसाने गाडीला बैल जुंपला तेव्हापासूनचा आहे. त्याचे उत्तर मात्र काळाबरोबर बदलत गेले आहे, आणि त्या बदलाच्या खुणा नामपल्लीच्या आसपासही पाहावयास मिळतात.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचा विचार आला आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, किंवा हाकणाऱ्याने 'बाजूला व्हा' असा पुकारा केला होता, असे दहा प्रसंग सांगून त्यांत दंड नाही असे म्हटले आहे. परंतु हाकणाराच अकुशल असल्यामुळे गाडी वाट सोडून गेली आणि इजा झाली, तर मालकाला दोनशे पणांचा दंड सांगितला आहे. हाकणारा कुशल असेल, तर दंड हाकणाऱ्याला. म्हणजे अडाण्याच्या हाती गाडी देणे हाच मालकाचा दोष, ही जाण त्या काळीही होती. मात्र हा दंड होता. तो राजाच्या कोशात जावयाचा.

बायबलच्या जुन्या करारातही असेच नियम आढळतात. निर्गम ह्या ग्रंथात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने प्रथमच कोणाला शिंगाने मारले तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे अशी सूचना मिळूनही मालकाने त्याला बांधून ठेवले नाही, तर त्याची जबाबदारी फार मोठी. खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्याने त्यात पडलेल्या जनावराचे मोल भरून द्यावे, असेही तेथे सांगितले आहे. अनुवाद ह्या ग्रंथात नवे घर बांधणाराला धाब्याभोवती कठडा बांधण्याची आज्ञा आहे. कारण वरून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. अपघात होण्यापूर्वीच जो कठडा बांधावयास हवा होता तो न बांधणे, हाच निष्काळजीपणाचा गाभा होय. आजच्या न्यायालयांची भाषा वेगळी असली, तरी विचार ह्याहून फारसा निराळा नाही.

आज भारतात चालणारा भरपाईचा कायदा बव्हंशी इंग्लंडातून आला. त्या शाखेला मराठीत अपकृत्यांचा कायदा म्हणतात. फौजदारी कायद्याहून तो वेगळा आहे, आणि सामान्य माणसाचा घोटाळा होतो तो नेमका येथेच. नामपल्लीत फौजदारी न्यायालयांचे मोठे संकुल आहे. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडवून आणल्याचा खटला अशा न्यायालयात चालतो. भारतीय दंडसंहितेत १८७० साली घातलेले ३०४ अ हे कलम त्यासाठी होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली आहे. तेथे गुन्हा सिद्ध झाला तर आरोपीला तुरुंगवास किंवा दंड होतो. पण दंडाची रक्कम सामान्यतः सरकारजमा होते, आणि मोडलेल्या पायाचा खर्च मोडलेल्या पायाच्या धन्याकडेच राहतो. तो भरून निघावा ह्यासाठी वेगळी दाद मागावी लागते. तिचा हेतू शिक्षा हा नसून, इजा झालेल्या माणसाला पैशाने शक्य असेल तितके पूर्वस्थितीवर आणणे हा आहे.

अशी दाद मागणाराला चार गोष्टी दाखवाव्या लागतात. प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते. त्याने ते मोडले. त्यामुळेच इजा झाली. आणि त्या इजेने प्रत्यक्ष हानी झाली. ह्या चार दुव्यांपैकी एक जरी निखळला तरी दावा बुडतो. रात्री दिवा न लावता सायकल चालविणे ही हयगय खरी. पण त्याच वेळी झाडाची फांदी पडून शेजारचा माणूस जखमी झाला, तर त्या इजेचा सायकलस्वाराशी संबंध नाही. दोष आणि हानी ह्यांच्यामध्ये कारणाचा धागा अखंड असला पाहिजे.

पण काळजी घेण्याचे कर्तव्य कोणाविषयी? ज्याच्याशी करार केला त्याच्याचविषयी, असे इंग्लंडात दीर्घकाळ समजत. १९२८ च्या ऑगस्ट महिन्यात स्कॉटलंडमधील पेस्ली गावी एका बाईने उपाहारगृहात आल्याच्या पेयाची बाटली घेतली. बाटली अपारदर्शक होती. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना आतून कुजलेली गोगलगाय पडली, आणि आपण आजारी पडलो अशी तिची तक्रार होती. पेयाचे पैसे मैत्रिणीने दिले होते. त्यामुळे दुकानदाराशीही तिचा करार नव्हता, मग कारखानदाराशी कोठून असणार? तरीही १९३२ मध्ये लॉर्ड्स सभेने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, कारखानदारावर ग्राहकाविषयी कर्तव्य आहे. लॉर्ड अ‍ॅटकिन ह्यांनी त्या वेळी लूकच्या शुभवर्तमानातील एका प्रश्नाचा आधार घेतला. एका शास्त्र्याने येशूला विचारले होते की, माझा शेजारी कोण? कायद्याच्या दृष्टीने ह्याचे उत्तर अ‍ॅटकिन ह्यांनी असे दिले की, आपल्या कृतीने ज्याला इजा पोहोचेल हे समंजस माणसाला आधीच दिसावयास हवे, तो आपला शेजारी. गोगलगाय खरोखर बाटलीत होती की नाही, हे शेवटपर्यंत सिद्ध करण्याची वेळच आली नाही. पुढे आपसात तडजोड झाली. तत्त्व मात्र जगभर पसरले.

आता पुराव्याची अडचण. आगगाडीच्या डब्यात दाराशी उभ्या असलेल्या प्रवाशाला इंजिनात काय घडले हे कसे कळणार? ब्रेक निकामी झाला, की चालकाचा अंदाज चुकला? ह्या अडचणीवर न्यायालयांनी एक तोडगा काढला. काही घटना स्वतःच बोलतात. १८६३ साली इंग्लंडात रस्त्याने जाणाऱ्या एका माणसावर वखारीच्या वरच्या मजल्यावरून पिठाचे पिंप पडले. पिंपे आपोआप खिडकीबाहेर येत नाहीत. तेव्हा वखारवाल्यानेच आपला निर्दोषपणा दाखवावा, असे न्यायाधीशांनी म्हटले. भारतात हेच तत्त्व दिल्लीच्या चांदनी चौकातील घड्याळाच्या मनोऱ्याला लागू झाले. १९५१ मध्ये तो जुनाट मनोरा कोसळून माणसे दगावली. मनोरा नगरपालिकेच्या ताब्यात होता. त्याची तपासणी करून दुरुस्ती करणे तिचे काम होते. नीट राखलेला मनोरा सहसा कोसळत नाही, म्हणून १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेची जबाबदारी कायम केली. चौकशीशिवाय नामपल्लीच्या गाडीविषयी कोणावर दोष ठेवणे योग्य होणार नाही. परंतु गाडी भिंतीवर का आदळली ह्याचे स्पष्टीकरण देण्याचा भार प्रवाशावर असू नये, हा विचार कोणालाही पटण्यासारखा आहे.

इजेऐवजी मृत्यू आला, तर जुना इंग्रजी कायदा चमत्कारिक रीतीने वागत असे. १८०८ मध्ये लॉर्ड एलनबरो ह्यांनी असे ठरविले होते की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानी नव्हे. परिणाम असा की, प्रवाशाचा पाय मोडला तर भरपाई द्यावी लागे, पण तो जागीच मेला तर त्याच्या विधवेला काहीच मिळत नसे. आगगाड्या आल्या आणि अपघाती मृत्यू वाढले, तेव्हा हा अन्याय डोळ्यांत भरू लागला. १८४६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने तो दूर केला. भारतात बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. पत्नी, पती, आईबाप आणि मुले ह्यांना त्याने दाद मागण्याचा हक्क दिला. हैदराबाद संस्थान तेव्हा वेगळे होते. तेथे निजामाचे कायदे चालत. पोलीस कारवाईनंतर, १९५१ साली, मध्यवर्ती कायद्यांपैकी पुष्कळसे हैदराबाद राज्याला, आणि म्हणून त्या वेळी त्यात असलेल्या मराठवाड्यालाही, लागू करण्यात आले.

गिरणी-कारखान्यांतील मजुरांची स्थिती तर आणखी बिकट होती. १८३७ मध्ये इंग्लंडातील एका खटल्यापासून असा सिद्धांत रूढ झाला की, नोकराला दुसऱ्या नोकराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. नोकरी पत्करताना नोकराने तो धोकाही पत्करलेला असतो. वास्तविक मालक आपल्या नोकराच्या कामातील चुकीबद्दल परक्यांना भरपाई देण्यास बांधलेला असे. म्हणजे गिरणीच्या गाडीखाली वाटसरू सापडला तर मालक जबाबदार, मजूर सापडला तर नाही! जर्मनीने १८८४ मध्ये आणि इंग्लंडने १८९७ मध्ये ह्यातून मार्ग काढला. भारतात १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, आणि तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्या काळी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी बसत होते. ह्या कायद्याने क्रांतीच केली. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढे पुरेसे. मालकाची चूक दाखविण्याची गरज नाही. यंत्रापासून नफा होतो तो ज्याचा, यंत्रापासून होणारी इजाही त्याच्याच खर्चात धरावी, असा त्यामागचा हिशेब होता.

दोष न दाखवता जबाबदारी, ह्या विचाराचा आणखी एक उगम पाण्याच्या तलावात आहे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील एका गिरणीमालकाने १८६० च्या सुमारास आपल्या गिरणीसाठी तलाव बांधविला. खाली जुन्या खाणीची बुजलेली विवरे होती. त्यांतून पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची हयगय काहीच नव्हती. तरीही १८६८ मध्ये लॉर्ड्स सभेने त्याला जबाबदार धरले. निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर ठेवावी, असा तो नियम.

हा नियम भारतात आला तेव्हा त्याला दक्षिणेतील तळ्यांनी अडविले. कार्वेटनगरच्या जमीनदारीतील तळी मोठ्या पावसाने फुटली आणि मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. रेल्वे कंपनीने दावा लावला. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. कारण ही तळी कोणी आपल्या चैनीसाठी किंवा धंद्यासाठी बांधलेली नव्हती. पिढ्यान् पिढ्या शेतीला पाणी पुरविण्यासाठी ती राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते. हयगय दाखवा, तरच भरपाई मागा, असा निकाल झाला. विलायती नियम देशी भूमीत जसाच्या तसा रुजत नाही, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

पाण्याने हैदराबादलाही एक धडा दिला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, वरच्या अंगाचे अनेक तलाव फुटले आणि हजारो माणसे वाहून गेली. कायदा अशा घटनेला दैवी आपत्ती म्हणतो. माणसाच्या शक्तीपलीकडचे आणि आधी न दिसणारे जे घडते, त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. पण पुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. त्यांच्या योजनेनुसार उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. जे दैव होते ते अशा रीतीने गणितात आले. एकदा पुराचे माप कळले की, त्यानंतरच्या पुराला 'हे आम्हाला दिसलेच नव्हते' असे म्हणण्याची सवड कमी होत जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पाणी शिरले, तेव्हा लोकांनी आभाळाकडे बोट दाखवले नाही. त्यांनी चौकशी मागितली, आणि सरकारला आयोग नेमावा लागला. विज्ञान जसजसे वाढते तसतसे दैवाचे क्षेत्र आकुंचन पावते आणि जबाबदारीचे क्षेत्र विस्तारते.

ह्या विस्ताराचा मोठा टप्पा भारतातच गाठला गेला. भोपाळची वायुगळती १९८४ च्या डिसेंबरातील. तिला एक वर्ष होते न होते तोच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू निसटला. २० डिसेंबर १९८६ रोजी सर न्यायाधीश पी. एन. भगवती ह्यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, जो उद्योग स्वभावतःच धोकादायक आहे, त्याची जबाबदारी निरपवाद होय. दैवी आपत्ती, परक्याचे कृत्य इत्यादी जुने अपवाद त्याला मिळणार नाहीत, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाईही मोठी असावी. १८६८ च्या विलायती नियमापेक्षा हे पाऊल पुष्कळच पुढचे होते.

दि. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी नामपल्लीच्या बाजारघाट भागात एका रहिवासी इमारतीला आग लागली. इमारतीच्या तळाशी रसायनांची पिंपे साठविलेली होती. आग भडकली, धूर जिन्याने वर चढला आणि नऊ जणांचा अंत झाला. त्या घटनेत कोणाचा किती दोष, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. तरी ह्या प्रसंगावरून त्या जुन्या नियमाचा अर्थ कोणाही गृहस्थाला समजेल. ज्या जिन्याने मुले शाळेत जातात त्याच जिन्याखाली ज्वालाग्राही माल ठेवणे, म्हणजे मारका बैल दावणीला न बांधता दारात सोडणे होय. ठिणगी कोठून आली हा प्रश्न दुय्यम ठरतो. माल तेथे का होता हा प्रश्न पहिला.

आता सरकारचे काय? राजाच्या हातून चूक होत नाही, अशी इंग्लंडची समजूत होती. भारतात १८६१ साली कलकत्त्याच्या न्यायालयाने थोडा मार्ग मोकळा केला. सरकारी गोदीच्या मजुरांच्या हातून लोखंडी तुकडा पडून एका कंपनीचा घोडा जखमी झाला होता. सरकार जे काम एखाद्या व्यापाऱ्यासारखे करते त्याबद्दल त्याने भरपाई द्यावी, असे ठरले. सार्वभौम कामे मात्र वगळली गेली, आणि कोणते काम सार्वभौम ह्याचा वाद शंभरावर वर्षे चालला. १९६२ मध्ये सरकारी जीपने चिरडलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई मिळाली. १९६४ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून सोने गेलेल्या व्यापाऱ्याला ती नाकारण्यात आली. ह्या गाठीचे काही पदर हैदराबादेत उकलले. कर्नूल जिल्ह्यातील कोइलकुंटला येथील दुय्यम कारागृहात १९७७ मध्ये बाँब टाकून एका कच्च्या कैद्याला मारण्यात आले. मुसीच्या काठी १९२० मध्ये उभ्या राहिलेल्या इमारतीत बसणाऱ्या आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले की, जीविताचा हक्क घटनेने दिलेला आहे, आणि त्याच्यापुढे सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हा निर्णय उचलून धरला. कैदीदेखील कायद्याचा शेजारी ठरला.

वैद्यांच्या जबाबदारीचा इतिहासही दोन निकालांतून वाचता येतो. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या पुळणीवर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्यास नेण्यात आले. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला आणि तरुण दगावला. डॉक्टराने असामान्य कौशल्य दाखवावे असे कायदा म्हणत नाही. पण रोगी हाती घ्यावा की नाही, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, ह्या तिन्ही बाबतींत वाजवी काळजी घेणे त्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये स्पष्ट केले. भरपाई होती तीन हजार रुपये. दुसरा निकाल हैदराबादचा. १९९० मध्ये निजाम्स वैद्यकीय संस्थेत एका वीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या छातीतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. तिच्यानंतर त्याचे कमरेखालचे शरीर निर्जीव झाले. मज्जासंस्थेच्या शल्यवैद्याला आधी सहभागी करून घेतले नव्हते, हा मुख्य आक्षेप होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक कोटी रुपयांची भरपाई ठरवली. न्यायालयापुढे आपली बाजू त्याने चाकाच्या खुर्चीत बसून स्वतः मांडली होती. रक्कम मोठी वाटते. पण मध्ये एकोणीस वर्षे गेली होती, हेही विसरता येत नाही.

हा काळाचा प्रश्नच सर्वांत कठीण आहे. श्रीमंत माणूस एकोणीस वर्षे थांबू शकतो. हमालाच्या घरी एकोणिसाव्या दिवशी चूल विझते. म्हणूनच रेल्वे आणि मोटार ह्यांच्या बाबतीत कायद्याने दोषाचा वाद बाजूला ठेवण्याचा प्रयत्न केला. १९४३ च्या दुरुस्तीने रेल्वे अपघातात ठरावीक मर्यादेपर्यंत दोष न दाखवता भरपाईची तरतूद केली. आज रेल्वे अपघातातील मृत्यूबद्दल आठ लाख रुपये ठरलेले आहेत, आणि मागणी रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे करावी लागते. त्याचे एक पीठ सिकंदराबादला आहे. नामपल्लीच्या भिंतीपाशी जखमी झालेल्या प्रवाशाला म्हणूनच चालकाची चूक सिद्ध करीत बसावे लागत नाही. मोटार अपघातांसाठी १९५६ च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणांची सोय केली. १ एप्रिल २०२२ पासून दोषाचा प्रश्न न काढता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर इजेबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. मात्र ह्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, आणि दुःखात बुडालेल्या घरात सहा महिने केव्हाच निघून जातात.

जखमी माणसाचा स्वतःचाही दोष असला तर? जुना इंग्रजी कायदा कठोर होता. थोडा दोष असला तरी भरपाई शून्य. पुढे दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी करण्याची रीत आली आणि भारतीय न्यायालयांनी ती स्वीकारली. रेल्वेच्या बाबतीत तर, चालत्या गाडीत चढताना पडलेल्या प्रवाशाच्या कुटुंबालाही भरपाई नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. ह्याचा अर्थ बेफिकिरीला मुभा असा नव्हे. एका क्षणाच्या घाईची शिक्षा विधवेने आणि लेकरांनी जन्मभर भोगू नये, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याच्या पलीकडेही एक जबाबदारी असते. २ सप्टेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्य अजून अखंड असताना, जडचर्ला आणि महबूबनगर ह्यांच्यामध्ये पुराने खचलेला पूल आगगाडीखाली कोसळला आणि शंभरावर माणसे मेली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री ह्यांनी राजीनामा देऊ केला. पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरात मद्रास राज्यातील अरियालूर येथे तसाच भीषण अपघात झाला, तेव्हा शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला, आणि ह्या वेळी तो स्वीकारला गेला. कोणत्याही न्यायालयाने त्यांच्यावर हयगयीचा ठपका ठेवला नसता. पूल त्यांनी बांधला नव्हता, गाडीही चालवली नव्हती. पण 'माझा दोष सिद्ध करा' असे न म्हणता 'हे माझ्या खात्यात घडले' असे म्हणणारा माणूस लोकांच्या स्मरणात राहिला. त्या राजीनाम्याने मृतांच्या घरी पैसा पोहोचला नाही. आणि केवळ पैशाने तो राजीनामाही भरून निघाला नसता. समाजाला दोन्ही गोष्टी हव्या असतात.

शेवटी पुन्हा शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे यावे लागते. शास्त्र्याने विचारलेल्या त्या प्रश्नाला येशूने उत्तर म्हणून वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली होती. दोघे त्याला पाहून बाजूने निघून गेले. तिसरा, परका शोमरोनी, थांबला. भारतात रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलणारे लोक पोलिसांच्या आणि साक्षीच्या भीतीने मागे सरत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनीसांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता दावा चालत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

इजा करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे कायद्याने हळूहळू शिकविले. धोका निर्माण करणाऱ्याने दोष नसतानाही भरपाई द्यावी, हेही शिकविले. वाटेने जाणाऱ्याला भीतीपासून मुक्त करणेही त्याला साधले. तथापि धाब्याचा कठडा अपघातापूर्वी बांधावयाचा असतो, आणि ते काम कोणतेही न्यायाधिकरण करू शकत नाही. जिन्याखालचे पिंप वेळीच हलविणारा घरमालक, कुरकुरणारा ब्रेक आजच दुरुस्त करून घेणारा चालक आणि जुन्या पुलाची पाहणी पावसाळ्याआधी करणारा इंजिनियर, ह्यांची नावे कोणत्याही निकालपत्रात येत नाहीत. नामपल्लीच्या शेवटच्या भिंतीपाशी रोज गाड्या येतात आणि अलगद थांबतात, त्याचे श्रेय अशाच माणसांना आहे.